सालीतून चांदीचे नॅनोकण

धातूच्या नॅनोकणांची कुळकथा सोन्यापासून सुरू होते. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांनी सोन्याच्या क्षाराच्या द्रावणावर फॉस्फरसचा प्रयोग केला आणि पाण्याला माणकासारखा लाल रंग चढला. हा रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा आहे, असं त्यांनी १८५७ साली मांडलं. पुढे सोडियम बोरोहायड्राइडसारखी जहाल रसायनं वापरात आली. काम तेच होतं: धातूच्या आयनाला इलेक्ट्रॉन द्यायचा.

वनस्पतीही हे काम करतात, हे कळलं तेव्हा कुळाला नवी शाखा फुटली. २००२ साली टेक्सासमधल्या एल पासो इथल्या संशोधकांनी लसूणघासाच्या जिवंत रोपांत सोन्याचे नॅनोकण तयार होताना दाखवले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर रोप जिवंत असण्याची अटच काढून टाकली. पानांचा काढा पुरे होता. २००३ साली जिरॅनियम, २००४ साली कडुनिंब. गवती चहाच्या अर्कात तर सोन्याचे कण चक्क चपटे त्रिकोणी झाले.

पान चालतं, तर साल का नाही? पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या कामात याचं उत्तर दिलं. केळ्याच्या साली धुतल्या, उकळल्या, वाटल्या. ॲसिटोन घालून अर्कातला साका खाली बसवला, वाळवला. ही भुकटी सिल्व्हर नायट्रेटमध्ये मिसळताच रंगहीन द्रावण तपकिरी होत गेलं. अशा अर्कांतली पॉलिफिनॉल आणि शर्करा चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात. प्रथिनं आणि पेक्टिनसारखी द्रव्यं कणांवर लेप चढवून त्यांचा गोळा होऊ देत नाहीत. कारखान्यात ज्यांसाठी बहुधा दोन वेगळी रसायनं विकत घ्यावी लागतात, ती दोन्ही कामं उकिरड्यावर जाणारी साल एकटी करते. हेच या शोधाचं खरं मोल.

पण सालीमुळे चांदी निरुपद्रवी होत नाही. सांडपाण्यात गेलेले हे कण उपयोगी जिवाणूंनाही मारू शकतात. शिवाय फळाची जात आणि पिकण्याची अवस्था बदलली, की सालीतली द्रव्यं बदलतात आणि कणांचा आकारही. केळ्याच्या वेफर्सच्या कारखान्यातून निघणाऱ्या सालींना कच्च्या मालाचा मान द्यायचा असेल, तर त्यांची प्रत मोजण्याची आणि वापरलेली चांदी परत मिळवण्याची रीत आधी बसवावी लागेल. या कुळातल्या पुढच्या पिढीचं काम हेच आहे.