नवी मुंबईतील विषमज्वर-लसीकरण : खर्च, पुरावा आणि प्रतीक्षा

लोकांच्या आरोग्याविषयीचे संशोधन लोकवस्तीतच करावयाचे, तर त्याचा खर्च कोणी सोसावा आणि त्याचा भार कोणी उचलावा, हे प्रश्न मुंबईच्या परिसराला नवे नाहीत. 1897 च्या जानेवारीत डॉ. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात सिद्ध केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःस व नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील, स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांस टोचली. लस न घेतलेल्या कैद्यांशी तुलना करून तिचा गुण ठरविण्यात आला. ह्या कार्यास सरकारी आश्रय होता. परंतु बंदिवानाची स्वेच्छा कितपत मोकळी म्हणावी, ही शंका उरतेच.

ह्यानंतर 121 वर्षांनी खाडीपलीकडे हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला. मार्च 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने विषमज्वराच्या संयुग्मित लसीची शिफारस केली. राष्ट्रीय लसीकरणात ह्या लसीचा समावेश नसतानाही नवी मुंबई महानगरपालिकेने ती मुलांना देण्याचे ठरविले. सार्वजनिक यंत्रणेमार्फत ही लस देण्याचा जगातील हा पहिलाच प्रयत्न होय. लस पालिकेने विकत घेतली. परिणामाच्या मोजमापास मात्र परदेशी प्रतिष्ठानाचे अर्थसाहाय्य मिळाले. जागतिक आरोग्य संघटना, अमेरिकेतील संस्था व भारतीय संशोधक हे ह्या कार्यातील भागीदार होते.

पालिकेच्या 22 नागरी आरोग्य केंद्रांपैकी निम्मी केंद्रे सोडतीने पहिल्या टप्प्यासाठी निवडण्यात आली. 14 जुलै ते 25 ऑगस्ट 2018 ह्या काळात 9 महिने ते 14 वर्षे वयाच्या 1,13,420 मुलांना लस देण्यात आली. हे प्रमाण अपेक्षित संख्येच्या सुमारे 71 टक्के होते. पुढे मार्च 2021 पर्यंत रुग्णालयांतील रक्ततपासणीवरून दोन्ही भागांची तुलना झाली. लस दिलेल्या वस्त्यांतील मुलांत विषमज्वराचे प्रमाण निम्म्याहूनही कमी आढळले.

सोडत ही पक्षपातरहित पद्धती खरी. तथापि जो पुरावा हाती आला, तो उरलेल्या केंद्रांतील मुले तोपर्यंत लसीवाचून राहिली म्हणूनच. येथे कोणी बंदिवान नव्हता, पण आपली वस्ती कोणत्या टप्प्यात येणार, हे ठरविणे पालकांच्या हाती नव्हते. परदेशी साहाय्य मोजमापाबरोबर संपते. नागरिकांस उत्तरदायी असते ती पालिका. म्हणून अशा भागीदारीत सार्वजनिक निधीचे महत्त्व केवळ लसीच्या किमतीपुरते नाही. ज्यांच्या प्रतीक्षेतून ज्ञान मिळाले, त्यांच्यापर्यंत लस पोहोचविण्याची तरतूद आरंभीच असणे, हीच त्या निधीची खरी कसोटी होय.