फोटोतला पुरुष आणि तिसरा माणूस

जुलै २०२२. ‘पेपर’ या अमेरिकन मासिकाने रणवीर सिंगचे नग्न फोटो प्रसिद्ध केले आणि दोनेक दिवसांत ते आमच्या इंजिनिअरिंगच्या जुन्या हॉस्टेल ग्रुपवरही पोचले. मीम्स झाले, जोक्स झाले, कोणीतरी ‘याला कोणी टॉवेल द्या रे’ लिहिलं. मग मुंबईत चेंबूर पोलीस ठाण्यात तक्रार झाली, महिलांच्या भावना दुखावल्या म्हणून. भारतीय दंड संहितेची कलमं २९२, २९३ आणि ५०९, शिवाय आयटी कायद्याचं ६७अ. या शेवटच्या कलमाखाली पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

त्या गोंधळात एक नाव जवळपास कोणी घेतलं नाही. आशिष शाह. फोटो त्यांनी काढले होते. आपण सगळे ‘रणवीरने कपडे काढले’ एवढंच बोलत होतो. पण असा फोटो एकट्या माणसाचा नसतो. कॅमेऱ्यामागचा आणि कॅमेऱ्यासमोरचा, दोघं मिळून ठरवतात की काय दाखवायचं, काय झाकायचं, कुठे थांबायचं. तो एक करार असतो, बऱ्याचदा तोंडी, विश्वासावर चालणारा. आपल्याकडे या करारात नेहमी एक तिसरा माणूस येतो: बघणारा. आणि आपला अश्लीलतेचा कायदा जवळजवळ पूर्णपणे त्या तिसऱ्याचाच विचार करतो. महाराष्ट्रातली गेल्या शंभर वर्षांची उदाहरणं एकापुढे एक ठेवली की हे स्पष्ट दिसतं. आणि तो तिसरा माणूस आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे.

दगड, लंगोट आणि कॅमेरा

मी परभणीचा. आमच्या जिल्ह्यात जिंतूरजवळ नेमगिरीचा डोंगर आहे. तिथल्या जैन गुंफांमध्ये नेमिनाथ, पार्श्वनाथ अशा तीर्थंकरांच्या दिगंबर मूर्ती आहेत. शाळेच्या सहली तिथे जातात, गावोगावचे लोक जातात. मूर्तीसमोर उभं राहून कोणी खाली मान घालत नाही आणि कोणी हसतही नाही. त्या नग्नतेचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो: सगळं सोडून दिलेला माणूस. म्हणजे पुरुषाचं उघडं शरीर आमच्या मातीला नवीन नाही. ते कशासाठी उघडं आहे, हे बघणाऱ्याला कळलं की त्याची नजर आपोआप सरळ होते.

दुसरं उघडं शरीर तालमीतलं. लाल माती, तेल लावलेलं अंग आणि लंगोट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्यायामाची चळवळ जोरात होती आणि तिने कॅमेरा पटकन आपलासा केला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचा प्रचार करत होते. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम सुरू केलं आणि १९२४पासून ‘योगमीमांसा’ काढलं, त्यात आसनांचे फोटो असत. या फोटोंमधले पुरुष जवळजवळ उघडेच आहेत. तरी ते कोणाला खटकले नाहीत, कारण वर आरोग्याचं लेबल होतं आणि खाली लंगोट होता. हातभर कापडाने फोटो शास्त्राच्या बाजूला राहायचा.

पश्चिमेत तो लंगोटही शास्त्राच्या नावानेच सुटला. एडवर्ड मायब्रिज यांनी माणसं आणि प्राणी कसे हालतात हे पाहण्यासाठी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हजारो फोटो काढले आणि १८८७मध्ये त्यांचे ७८१ तक्ते प्रसिद्ध केले. त्यात धावणारे, उड्या मारणारे, कुस्ती खेळणारे नग्न पुरुष आहेत. काही फोटोंमध्ये स्वतः मायब्रिजच नग्न उभे आहेत. दुसऱ्याला जे करायला सांगायचं ते आधी स्वतः करायचं, हा मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत प्रामाणिक करार वाटतो. त्याच फिलाडेल्फिया शहरात चित्रकार थॉमस ईकिन्स यांना मात्र १८८६मध्ये कलाशाळेतली नोकरी सोडावी लागली. मुली असलेल्या वर्गात त्यांनी पुरुष मॉडेलचा लंगोट काढला होता. शहर तेच, काळ तोच, शरीरही तसंच. बघणारा बदलला आणि शिक्षा झाली.

कर्व्यांचं मुखपृष्ठ

मराठीत हा प्रश्न सर्वांत आधी उघडपणे विचारणारा माणूस म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे. जुलै १९२७मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३मध्ये मृत्यू होईपर्यंत चालवलं. संततिनियमन, गुप्तरोग, स्त्रीचं लैंगिक सुख हे विषय, आणि मुखपृष्ठावर नग्न चित्र. नग्नतेत मुळात अश्लील काही नाही, ती कल्पना बघणाऱ्याच्या डोक्यात असते, असं त्यांचं म्हणणं होतं. युरोपातल्या नग्नसंघांबद्दलही ते आपुलकीने लिहीत.

त्यांच्यावर खटले झाले ते मात्र मजकुरासाठी. १९३४च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. तरी मासिक थांबलं नाही.

कर्व्यांबद्दल आदर ठेवूनही एक गोष्ट नोंदवायला हवी. त्यांच्या मुखपृष्ठांवर बहुतेक वेळा बाईच असायची. नग्नता नैसर्गिक आहे असं म्हणणाऱ्या मासिकातही शरीर दाखवायचं ते तिचं आणि पाहायचं ते त्याने, ही वाटणी फारशी बदलली नाही. शिवाय त्या चित्रांमधल्या व्यक्ती निनावीच राहिल्या. करारातली एक बाजू पूर्ण गप्प.

दोन मराठी माणसं, एक अजगर

ती बाजू बोलायला लागली १९९५मध्ये. ‘टफ्स’ नावाच्या बुटांची कृष्णधवल जाहिरात आली. मिलिंद सोमण आणि मधू सप्रे समोरासमोर, एकमेकांना बिलगून उभे. अंगावर फक्त बूट, आणि दोघांभोवती गुंडाळलेला अजगर. फोटोग्राफर प्रबुद्ध दासगुप्ता.

हा फोटो शांतपणे पाहिला तर कळतं की दिसायला नको ते काहीच दिसत नाही. एकाच्या शरीराने दुसऱ्याचं झाकलंय. हे अपघाताने होत नाही. उभं कसं राहायचं, हात कुठे, साप कुठून जाणार, हे सगळं तिघांनी मिळून जमवावं लागतं. शिवाय त्यात पुरुष आणि स्त्री दोघंही सारखेच उघडे आहेत, एक दाखवणारा आणि एक दिसणारी असं नाही. सोमण आणि सप्रे तेव्हा खऱ्या आयुष्यातही जोडीदार होते. दोघं सज्ञान, नावाजलेले, आपापल्या मर्जीने आलेले. करार म्हणतात तो याहून स्वच्छ असू शकत नाही.

मुंबई पोलिसांनी गुन्हा दाखल केला. मॉडेल, फोटोग्राफर, जाहिरातवाले, छापणारे, सगळे आरोपी. अजगरासाठी वन्यजीव कायद्याखाली वेगळं प्रकरण झालं. निकाल २००९मध्ये लागला: सगळे निर्दोष. चौदा वर्षं. त्या दरम्यान बुटांचा तो ब्रँड विस्मरणात गेला, पेजर आले आणि गेले, आपल्यातले बरेच जण पाळण्यापासून दहावीपर्यंत पोचले.

गंमत म्हणा किंवा दैव, सोमण यांच्यावर २५ वर्षांनी पुन्हा तीच वेळ आली. ४ नोव्हेंबर २०२० रोजी, ५५व्या वाढदिवशी, गोव्याच्या किनाऱ्यावर नग्न धावतानाचा फोटो त्यांनी टाकला. काढणारी होती त्यांची पत्नी अंकिता. फोटोग्राफर बायको, मॉडेल नवरा, आणि तरीही तक्रार तिसऱ्याचीच. कोलवा पोलिसांनी गुन्हा नोंदवला. त्याच आठवड्यात गोव्यातच, काणकोणच्या चापोली धरणावर केलेल्या शूटसाठी पूनम पांडे यांना मात्र अटक झाली. त्यांना जामीन घ्यावा लागला, सोमण यांच्यावर नुसती नोंद झाली. पुरुषाच्या नग्नतेकडे आपण आधी हसून बघतो, मग रागावतो. बाईच्या बाबतीत आपण थेट रागावरच येतो.

बोरिस बेकरचा फोटो आणि कोर्ट

कायदा नक्की काय तपासतो? १८६८च्या एका इंग्रजी खटल्यातून आलेली ‘हिकलिन’ कसोटी आपण कितीतरी वर्षं वापरली. ज्याचं मन सहज बिघडू शकतं अशा माणसाच्या हाती हे पडलं तर काय होईल, एवढंच ती विचारते. १९६४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकणाऱ्या मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याची शिक्षा कायम केली, ती याच कसोटीच्या आधारावर. म्हणजे सर्वांत कच्च्या मनाचा माणूस हा सगळ्यांच्या नजरेचं माप ठरला.

ते माप बदललं एका पुरुषाच्याच नग्न फोटोमुळे. टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याची सावळी होणारी बायको बार्बरा यांचा नग्न फोटो जर्मन मासिकात आला होता. काढला होता बार्बराच्या वडिलांनी. वर्णद्वेषाला उत्तर म्हणून. १९९३मध्ये कोलकात्यात तो पुन्हा छापला गेला आणि संपादकांवर खटला झाला. ३ फेब्रुवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हिकलिन बाजूला ठेवली आणि सांगितलं की आजच्या समाजाच्या सर्वसाधारण मापाने, फोटोचा संदर्भ आणि संदेश पाहून ठरवायचं. नुसती नग्नता म्हणजे अश्लीलता नाही.

हा निकाल मोठा आहे. पण त्यातही माप समाजाचंच आहे. कच्च्या मनाच्या तिसऱ्याऐवजी सरासरी तिसरा आला, इतकंच. जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत २९२चं २९४ झालं. शास्त्र, साहित्य आणि कलेला सूट आहे. देवळातल्या आणि प्राचीन वास्तूंमधल्या शिल्पांनाही सूट आहे, म्हणजे आमच्या नेमगिरीला काही अडचण नाही. पण फोटोतल्या माणसाची मर्जी होती की नव्हती, हा प्रश्न या कलमात कुठेच नाही.

परमिशनचं बटण

आता माझ्या कामाकडे येतो. अ‍ॅप बनवताना आम्ही कॅमेऱ्याची परवानगी वेगळी मागतो, गॅलरीची वेगळी आणि लोकेशनची वेगळी. एकाला ‘हो’ म्हणजे सगळ्यांना ‘हो’ असं धरलं तर तो कोड रिव्ह्यूमध्येच परत येतो. संमतीचे असे तुकडे असतात हे आमच्या धंद्याने उशिरा का होईना शिकून घेतलंय.

कायद्यातही असं एक कलम आहे, फक्त त्याची चर्चा होत नाही. आयटी कायद्याचं ६६ई. कोणाही व्यक्तीच्या खासगी अवयवांचा फोटो तिच्या संमतीशिवाय, तिचा खासगीपणा मोडेल अशा रीतीने काढणं, प्रसिद्ध करणं किंवा पाठवणं गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. काढणं, छापणं, पाठवणं: तीन क्रिया, तीन वेगळ्या परवानग्या. आणि महत्त्वाचं म्हणजे ‘कोणाही व्यक्तीच्या’. न्याय संहितेचं कलम ७७ असंच संरक्षण देतं, फोटो काढायला ‘हो’ म्हणजे पसरवायला ‘हो’ नव्हे असंही स्पष्ट सांगतं, पण ते फक्त बाईसाठी आहे.

हे पुस्तकी वाटत असेल तर आमच्या बॅचमधल्या एकाचं सांगतो. रात्री अनोळखी नंबरवरून व्हिडिओ कॉल आला, समोर मुलगी. दुसऱ्या दिवशी त्याला स्वतःचंच रेकॉर्डिंग आलं आणि सोबत त्याच्या नातेवाइकांची यादी. त्याने दोनदा पैसे भरले, तिसऱ्यांदा उसने घेऊन भरले. शेवटी तक्रार द्यायला गेला तर पहिला प्रश्न आला, ‘तू कॉल उचललासच कशाला?’ घरी सांगितलं नाही, कारण पुरुषाला कसली आलीय लाज, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. लाज नाही म्हटल्यावर तक्रार कसली करणार? त्याच्या बाबतीत करार मोडला नव्हता, तो झालाच नव्हता.

रणवीर सिंगच्या प्रकरणातही शेवटी असंच वळण आलं. २९ ऑगस्ट २०२२ रोजी त्याने पोलिसांना जबाब दिला, तेव्हा त्याचं म्हणणं असं होतं की ज्या फोटोवरून खरा आक्षेप आहे तो मूळ शूटमधला नाही, त्यात फेरफार झालाय. जरा विचार करा. दोन सज्ञान माणसांनी जे ठरवून केलं त्यासाठी गुन्हा दाखल झाला. आणि ज्याने दुसऱ्याच्या शरीराला न विचारता हात लावला, असं रणवीरचं म्हणणं होतं, त्याची चर्चा आमच्या ग्रुपवर तरी एका मेसेजचीही झाली नाही. आज तो फेरफार करायला फोटोशॉपही लागत नाही. तुमचा साधा शर्टातला फोटो एखाद्या एआय टूलला पुरतो.

म्हणून पुरुषाच्या नग्न फोटोचा विषय मला कलेपुरता किंवा नटांपुरता वाटत नाही. असा फोटो तुमच्यासमोर येईल तेव्हा ‘हे चांगलं की वाईट’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवता येईल. फोटोतल्या माणसाला हे माहीत आहे का? हे त्याने ठरवलं होतं का? मला हे पाठवायला तो ‘हो’ म्हणाला होता का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माहीत नसेल तर फॉरवर्डच्या बाणावर गेलेला अंगठा तिथेच थांबवायचा.