मांडवीतील कॅसिनो आणि पोर्तुगीज वारसा

पणजीच्या आदिलशाही राजवाड्यासमोर उभे राहिले की मांडवीच्या पात्रात नांगरलेल्या कॅसिनो-नौका नजरेस पडतात. हा पोर्तुगीज राजवटीचाच वारसा असावा, असा पर्यटकाचा समज होतो आणि मकावचे उदाहरण त्याला बळ देते. तेथे पोर्तुगीज प्रशासनाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास महसुलासाठी जुगार कायदेशीर केला, हे खरे. गोव्यातील क्रम मात्र निराळा आहे.

पोर्तुगीज सत्ता १९ डिसेंबर १९६१ रोजी संपुष्टात आली. पुढे १९७६ मध्ये झालेला कायदा सार्वजनिक जुगारास प्रतिबंध करणाराच होता. त्यात १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांपुरता, तर १९९६ मध्ये नौकांवरील खेळांसाठी अपवाद करण्यात आला. म्हणजे ज्याला आपण वसाहतीचा अवशेष मानतो, ते वस्तुतः लोकनियुक्त विधानसभेचे अपत्य होय! गंमत अशी की, महाराष्ट्रानेही १९७६ मध्येच कॅसिनोंविषयी नियंत्रण व कराचा कायदा केला होता. तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला.

गोमंतकीयांना १ फेब्रुवारी २०२० पासून कॅसिनोत खेळण्यास मनाई झाली. तेव्हापासून या नौकांवर खेळण्याची मुभा उरली ती परप्रांतीयांना, म्हणजे आपल्याला.