विदेशी वैद्यकीय पदवीधर परीक्षा

परदेशातून वैद्यकीय पदवी घेतलेल्या भारतीयांना देशात व्यवसायाचा परवाना मिळवण्यासाठी द्यावी लागणारी चाळणी परीक्षा. २००२ पासून ती लागू असून राष्ट्रीय परीक्षा मंडळ ती साधारणतः जून आणि डिसेंबरमध्ये घेते. ३०० बहुपर्यायी प्रश्न, १५० मिनिटांची दोन सत्रे, उत्तीर्ण होण्यास १५० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, तरीही जून २०२४ मध्ये सुमारे २१ टक्केच परीक्षार्थी उत्तीर्ण झाले. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील मान्य पदव्युत्तर पदवीधारकांना तिच्यातून सूट आहे. वऱ्हाडातून रशिया, किर्गिझस्तान वा जॉर्जियाला ‘एमबीबीएस’साठी जाणाऱ्यांना या सवलतीचा उपयोग नाही.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनी अटी कडक केल्या: किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमातील अभ्यासक्रम, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि सारे १० वर्षांत पूर्ण. त्यामुळे प्रवेशाच्या वेळी एजंटाच्या शब्दाऐवजी हे नियम वाचणे शहाणपणाचे.

उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची तात्पुरती नोंदणी आणि भारतात पुन्हा वर्षभराची इंटर्नशिप. इथे खरी अडचण जागांची असते, कारण महाविद्यालयाच्या मंजूर प्रवेशसंख्येच्या ७.५ टक्क्यांपर्यंतच जादा जागा अशा पदवीधरांसाठी ठरवण्यात आल्या. वऱ्हाडात शासकीय महाविद्यालय अकोल्यात २००२ पासून, तर अमरावतीत २०२४ पासून आहे. अमरावतीचे खासगी डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय मात्र १९८४ पासूनचे. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातील ‘नेक्स्ट’ ही परीक्षा पुढे या परीक्षेची जागा घेणार आहे.