कूस पालटण्याचा इतिहास

घरांतील वृद्ध माणूस अंथरुणाला खिळलें म्हणजे पहिले आठ दिवस सर्वांचें लक्ष औषध, पथ्य आणि डॉक्टरांच्या येण्याजाण्याकडे असतें. मग एके दिवशीं अंग पुसतांना माकडहाडापाशीं तांबडा डाग दिसतो. थोड्याच दिवसांत तेथील कातडी सुटते आणि आंत खड्डा पडलेला आढळतो. मग माणसें खालच्या आवाजांत एकमेकांस म्हणतात, 'आतां दिवस भरले.' माझ्या आजीच्या दुखण्यांत हें वाक्य मीं लहानपणीं ऐकलें आहे. तिची पाठ रोज स्पिरिट लावून चोळीत असत. रात्रीं तिची कूस मात्र कोणी पालटीत नसे, कारण तिची झोप मोडूं नये, अशी सर्वांची माया. हा व्रण म्हणजे मरणाचें लक्षण कीं शुश्रूषेंतील उणीव, हा प्रश्न घरांत कोणास सुचला नाहीं. युरोपांतील वैद्यकांत मात्र त्यावर मोठा वाद होऊन गेला आहे.

सोळाव्या शतकांतील फ्रेंच शस्त्रवैद्य आंब्र्वाज पारे यानें १५६९ सालची एक हकीकत लिहून ठेविली आहे. फ्लँडर्समधील एका उमरावास गुडघ्यापाशीं बंदुकीची गोळी लागून तो सात महिने खितपत पडला होता. कुल्ल्यावर तळहाताएवढा व्रण. वेदनेमुळें हलवितां येईना, म्हणून अंथरूणही बराच काळ बदललेलें नव्हतें. पारेनें दुसरी मऊ शय्या तयार करवून त्यास तीवर ठेवविलें, व्रणाची जागा अधांतरीं राहावी म्हणून पिसांची लहानशी उशी दिली, आणि झोप लागावी यासाठीं उंचावरून कढईंत पाणी पाडून पावसाचा आवाज करविला! उमराव बरा झाला.

इतकें उमगलेलें असूनही पुढें गाडें भलत्याच वाटेस लागलें. १८५३ सालीं ब्राउन-सेकार यानें पृष्ठरज्जु तोडलेल्या गिनीपिगांवर प्रयोग करून दाखविलें होतें कीं, एका जागीं सतत दाब पडूं दिला नाहीं व अंग मूत्रापासून स्वच्छ ठेविलें तर व्रण होत नाहींत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनींही १८६० च्या सुमारास याचा दोष रोगावर न ठेवतां बहुधा परिचर्येवरच ठेविला. पण पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयांतील शार्को यांचें मत निराळें पडलें. मेंदूस किंवा पृष्ठरज्जूस इजा झाली कीं कातडीचें पोषणच बिघडतें आणि व्रण हा त्याचा अटळ परिणाम होय, असें ते शिकवीत. मज्जारोगांच्या शास्त्रांत शार्को यांचा अधिकार फार मोठा. त्यांच्या शब्दानें व्रण हें रोगाचें लक्षण ठरलें, आणि लक्षणाबद्दल कोणास जाब विचारतां येत नाहीं. पहिल्या महायुद्धांत कण्याला गोळी लागलेले बहुतेक सैनिक थोड्याच आठवड्यांत वा महिन्यांत शय्याव्रणांनीं आणि मूत्रमार्गाच्या विकारांनीं मेले. याचा सगळा भार एका सिद्धांतावर टाकणें अन्यायाचें होईल. पेनिसिलीन तेव्हां कोठें होतें? तथापि प्रयत्न सोडण्यास सिद्धांताचा आधार मिळाला, हें नाकारवत नाहीं.

हा आधार काढून घेतला तो लुडविग गुटमान यांनीं. ब्रेस्लाऊचे हे ज्यू मज्जावैद्य नाझी अमलामुळें १९३९ सालीं इंग्लंडांत आश्रयास आले. १ फेब्रुवारी १९४४ रोजीं स्टोक मँडेव्हिल येथें कणा दुखावलेल्या सैनिकांसाठीं विभाग उघडला आणि तो त्यांच्या हवालीं झाला. हें काम निष्फळ, असें कित्येक समव्यवसायी मानीत. गुटमान यांनीं रुग्णांना जखडून ठेवणारे प्लास्टरचे सांचे काढून टाकविले आणि नियम घातला: दर दोन तासांनीं, दिवसा आणि रात्रीं, प्रत्येकाची कूस पालटलीच पाहिजे. एकट्यानें ओढून वळविलें कीं कातडी चादरीशीं घासून सोलवटते. म्हणून कित्येक परिचारक मिळून रोग्यास अलगद उचलीत आणि हाडांच्या टेंगळांवर भार येणार नाहीं अशा उशा लावीत. नियम पाळला जातो कीं नाहीं हें पाहण्यास गुटमान स्वतः रात्रीं वॉर्डांत येत. ज्यांचे व्रण अटळ म्हणून सोडून दिलेले होते, त्यांचे व्रण भरून येऊं लागले. २९ जुलै १९४८ रोजीं, लंडनची ऑलिंपिक सुरू झाली त्याच दिवशीं, ह्या रुग्णालयाच्या हिरवळीवर सोळा जण चाकांच्या खुर्चींत बसून तिरंदाजीच्या सामन्यांत उतरले.

सैनिक तरुण होते, म्हाताऱ्यांचें काय? त्याचा शोध लंडनमध्यें डॉरीन नॉर्टन ह्या परिचारिकेनें दोन सहकाऱ्यांसह घेतला व १९६२ सालीं तो प्रसिद्ध झाला. शरीरस्थिति, मनाची सावधता, चालणें, हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा अशा पांच बाबींचे वीस गुण त्यांनीं ठरविले; चौदा किंवा कमी भरले तर धोका. तऱ्हेतऱ्हेच्या मलमांपेक्षां वेळेवर कूस पालटण्याचाच उपयोग होतो, असें त्यांस आढळलें. दोन तासांचा आंकडाही कांहीं वेदवाक्य नव्हे: २००५ सालीं बेल्जममध्यें असें दिसलें कीं, चांगल्या फोमच्या गादीवर चार तासांनीं कूस पालटणें हें साध्या गादीवर दोन तासांनीं पालटण्यापेक्षां सरस ठरतें.

आतां घरींही दोघांनीं मिळून अंगाखालच्या आडव्या चादरीच्या कडा धरून रोग्यास उचलावें, पूर्ण कुशीवर न टाकतां पाठीमागें उशी देऊन किंचित् कलतें ठेवावें, टांचा अधांतरीं ठेवाव्या, आणि तांबडी झालेली जागा चोळूं नये, असें सांगतात. आजीच्या वेळीं चोळण्याचें काम माझ्याकडेही कधीं कधीं येई. रात्रीं तिला खरोखर झोप लागत होती, कीं ती नुसतीच डोळे मिटून पडलेली असे, हें तिला विचारायचें राहून गेलें.