नाणेघाटाची वाट

महाराष्ट्रांत किल्ले पाहण्याची जी रीत रूढ आहे ती अशी, कीं पायथ्याशीं जावें, वर चढावें, दरवाजे व टांकीं मोजावींत, एखाद्या बुरुजावर बसून शिदोरी सोडावी आणि दिवस मावळण्यापूर्वीं परतावें. या रीतींत वावगें कांहीं नाहीं. परंतु तिच्यामुळें किल्ला म्हणजे एक एकाकी व स्वयंभू वस्तु आहे, असा समज मनांत घर करून बसतो. वस्तुतः किल्ला हा कशाची तरी राखण करीत असतो, आणि पुष्कळदां तें राखण्याजोगें धन म्हणजे एक वाट असते. वाट न पाहतां किल्ला पाहणें म्हणजे पेटी न पाहतां कुलपाची तारीफ करणें होय. म्हणून या खेपेस आम्हीं कोणताही किल्ला मुख्य न मानतां, कल्याणाहून नाणेघाटानें जुन्नरास जाणारी प्राचीन व्यापारी वाट चार दिवस सावकाश पाहावयाची, असें ठरविलें.

आजचें कल्याण पाहून येथें दोन हजार वर्षांपूर्वीं परदेशचीं गलबतें लागत असत, हें पटणें कठीण आहे. रुळांचें जाळें आणि माणसांची गर्दी यांतून वाट काढीत खाडीच्या कांठीं दुर्गाडीपाशीं जावें, तेव्हां कोठें बंदराची कल्पना येते. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत कोणा ग्रीकभाषी खलाशानें लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथांत कल्याणचा उल्लेख आहे, आणि तो मोठा बोलका आहे. हें पूर्वीं रीतसर बाजारपेठ असलेलें बंदर होतें. पुढें तें दुसऱ्या सत्तेच्या हातीं गेल्यावर येथें येणाऱ्या ग्रीक गलबतांस पहाऱ्यांत भडोचला नेलें जाण्याचा संभव असे, असें तो सांगतो. भडोच तेव्हां क्षत्रपांचें होतें आणि घाटमाथ्यावरचें पैठण सातवाहनांचें. शाळेंतील पुस्तकांत सातवाहन व क्षत्रप यांचें वैर दोन राजवंशांचें वैर म्हणून येतें. या खलाशाच्या दोन ओळींत तें जकातीचें वैर म्हणून दिसतें, आणि आमच्या मतें तेंच अधिक खरें आहे.

मुरबाड व टोकावडें मागें टाकून वैशाखऱ्याच्या पुढें आम्हीं मोटार सोडिली. मोटारींची सडक येथून माळशेज घाटानें वर चढते. नाणेघाटानें मात्र पायींच जावें लागतें. चालकास गाडी माळशेजवरून जुन्नर व तेथून घाटघरास आणण्यास सांगून आम्ही चढूं लागलों. आमच्यासारख्या पन्नाशी उलटलेल्या मंडळींस ही चढण तीन तासांची आहे. रानांतली वाट हळूहळू खिंडींत शिरते, खडकांत खोदलेल्या पायऱ्या लागतात, पाण्याचीं टांकीं लागतात; आणि घाटमाथा दृष्टीच्या टप्प्यांत आला असतां तें प्रसिद्ध लेणें येतें.

हें लेणें भिक्षूंचें नव्हे, देवाचेंही नव्हे. समोरच्या भिंतीवर एके काळीं राजघराण्यांतील व्यक्तींच्या मूर्ति होत्या. आज त्यांच्या पावलांच्या खुणा आणि वर कोरलेलीं नांवें तेवढीं उरलीं आहेत: सिमुक सातवाहन, सातकर्णि व त्याची राणी नागनिका, कांहीं कुमार, आणि एक ‘महारठी’. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मी लिपींत व प्राकृत भाषेंत राणीचा दीर्घ लेख आहे. कर्नल साइक्स यांनीं इ. स. १८२८ मध्यें त्याकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं त्यांतील अंकांचा उलगडा केला. दोन अश्वमेध, राजसूय व इतर यज्ञ, आणि त्यांत दिलेल्या दक्षिणांची यादी, असा त्याचा विषय आहे. गाई हजारांनीं दिल्या, घोडे दिले, हत्ती दिले. एके ठिकाणीं २४,४०० कार्षापणांचा आंकडा आहे. विधवा राणीचीं व्रतें व उपवास यांचाही त्यांत निर्देश आहे.

आतां प्रश्न असा, कीं यज्ञांची ही कीर्ति राजधानींत न कोरतां या आडरानांतल्या खिंडींत कां कोरली? आमचें अनुमान असें आहे, कीं त्या काळीं ही खिंड आडरान नव्हतीच. राज्यांतील जितके व्यापारी, तांडेवाले व परदेशी लोक येथून जात, तितके क्वचितच दुसरीकडे जात असतील. शिवाय तें द्रव्य ज्या वाटेनें आलें त्या वाटेवरच त्याचा विनियोग जाहीर करणें राणीस उचित वाटलें असावें. घाटमाथ्यावर दगडाचा एक थोरला रांजण आहे. त्यांत जकातीचीं नाणीं टाकीत, असें परंपरा सांगते. रांजणावर तसा लेख नाहीं, व त्याचें काम कदाचित् पाणी सांठविण्याचेंही असेल. परंतु घाटाचें नांवच नाणेघाट पडावें, यावरून लोकांच्या स्मरणशक्तीस अगदींच निराधार ठरवावें असें आम्हांस वाटत नाहीं. लेण्याच्या भिंतींवर आजच्या कांहीं प्रवाशांनींही आपलीं नांवें खरडून ठेविलीं आहेत. राणीच्या अक्षरांची अगोदरच झीज होत आहे. तींत ही भर.

माथ्यावर उभें राहिलें असतां किल्ल्यांची रचना एकदम उमगते. जीवधन घाटाच्या अगदीं उशाशीं आहे. जुन्नरकडे जातांना चावंड लागतो, उत्तरेच्या अंगास हडसर, आणि शेवटीं खुद्द शहरावर शिवनेरी. एकाच वाटेवरचे हे चार पहारे आहेत. इ. स. १६५७ मध्यें शिवाजी महाराजांनीं जुन्नरवर छापा घालून घोडे व रोकड नेली, आणि त्याच वर्षीं कल्याण व भिवंडी घेतली. वाटेचीं दोन्ही टोकें एकाच वर्षांत! हा योगायोग असेलही. पण महाराजांस या वाटेची किंमत ठाऊक नव्हती असें कोण म्हणेल? पुढें इ. स. १८१८ मध्यें इंग्रजांनीं हे किल्ले घेतले आणि चढण्याच्या पायऱ्या जागोजाग सुरुंगानें उडविल्या. घाटाचें वैभव मात्र सुरुंगानें गेलें नाहीं. इ. स. १८६३ मध्यें बोरघाटांतून व १८६५ मध्यें थळघाटांतून आगगाडी वर चढली, आणि मधला नाणेघाट निमूटपणें ओस पडला.

घाटघरास मोटार मिळाली. रात्र तेथेंच काढून दुसऱ्या दिवशीं दुपारीं आम्ही जुन्नरास पोंचलों, व दोन दिवस तेथें राहिलों. शहराभोंवतींच्या डोंगरांत दोनशेंहून अधिक लेणीं आहेत. तीं सर्व पाहणें आमच्या गुडघ्यांस मानवलें नसतें. पण तुळजा लेण्यांतील बारा खांबांचा वर्तुळाकार चैत्य पाहण्यावांचून आम्हांस राहवलें नाहीं. लेण्याद्रीच्या सुमारें तीनशें पायऱ्या चढून बहुतेक लोक गिरिजात्मजाच्या दर्शनास जातात. गणपति जेथें बसला आहे तो मूळचा बौद्धांचा विहार. शेजारींच चैत्यगृह आहे. त्याच्या दारावरचा लेख सांगतो, कीं हें चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याचें दान आहे. हेरणिक म्हणजे सोनार किंवा सराफ. कल्याणच्या सराफाच्या मुलानें घाट चढून येऊन जुन्नरास डोंगर कोरवावा, याहून आमच्या वाटेस दुसरा साक्षीदार कशास हवा?

असे साक्षीदार जागोजाग आहेत. धान्य विकणाऱ्यांची श्रेणी आहे, बांबूकाम करणारे आहेत, कांसार आहेत. मानमोडीच्या डोंगरांत क्षत्रप नहपान याचा अमात्य अयम याचें दान आहे. म्हणजे वाटेचें हें टोकही कांहीं काळ क्षत्रपांनीं बळकाविलें होतें. आणि यवन आहेत. इरिल नांवाच्या यवनानें पाण्याचीं दोन टांकीं दिलीं, चिट यवनानें भिक्षूंस भोजनमंडप दिला, चंद यवनानें लेण्याचें दर्शनी काम केलें. चिट व चंद हीं नांवें इकडचींच वाटतात. मिऱ्याच्या व्यापारास आलेला परका मनुष्य परत जातांना टांकें कशाला खोदील? तो येथें राहिला असला पाहिजे, येथला झाला असला पाहिजे. महाराष्ट्र म्हणजे डोंगरांनीं कोंडलेला, बाहेरच्या वाऱ्याशीं अपरिचित असा रांगडा मुलूख, ही कल्पना आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षितांस अजून प्रिय आहे. त्यांनीं एकवार जुन्नरच्या लेण्यांतील दात्यांचीं नांवें वाचावींत.

यानंतर शिवनेरी चढलों, तो निराळाच दिसला. इ. स. १६३० सालीं येथें महाराजांचा जन्म झाला, त्यामुळें या गडाची माती कपाळीं लावावीशी वाटते, हें खरेंच. सात दरवाजे ओलांडून वर गेल्यावर गंगा-जमना टांक्यांतलें थंडगार पाणी आम्हीं तळहातावर घेतलें. पण खालच्या कड्यांत लेणीं आहेत, आणि इरिलाचीं टांकीं व चिटाचा भोजनमंडप याच कड्यांतले. तट व दरवाजे फार मागाहूनचे. डोंगरांत पाणी सांठविण्याची विद्या येथें सैनिकाच्या पूर्वीं भिक्षूनें व व्यापाऱ्यानें आणिली होती.

जुन्नर शहर आतां शांत आहे. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याचें पहिलें ठाणें हेंच, इ. स. १४९४ मध्यें त्यानें अहमदनगर वसविलें आणि जुन्नरचा मान दुसरा झाला. शहराच्या पूर्वेस हबशी घुमट व सौदागर घुमट अशा दोन देखण्या इमारती आहेत. राजाच्या नव्हे, सौदागराच्या नांवानें ओळखला जाणारा घुमट या गांवास शोभतो. जुन्या दप्तरांतून नांवाजलेला जुन्नरी कागद येथेंच होत असे.

चौथ्या दिवशीं नारायणगांवावरून आळ्यास गेलों. वाटेंत खोडदच्या परिसरांत आकाशांतील रेडिओलहरी टिपणाऱ्या, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या प्रचंड थाळ्या दिसतात. आळ्यास रेड्याची समाधि आहे. ज्ञानदेवांनीं पैठणास ज्याच्या मुखीं वेद वदविले तोच हा रेडा. भावंडांबरोबर परततांना त्यानें येथें देह ठेविला, अशी श्रद्धा आहे. चमत्काराविषयीं ज्यानें त्यानें आपलें मत ठेवावें. आमचें लक्ष कथेंतल्या भूगोलाकडे होतें. पैठणाहून निघालेलीं तीं भावंडें आळ्यास आलीं. म्हणजे सातवाहनांचे तांडे ज्या दिशेनें येत त्याच दिशेनें आलीं. समाधीपाशीं बसलेल्या एका वृद्ध वारकऱ्यास पैठण येथून किती लांब, असें आम्हीं विचारलें. “आतां मोटारीनें अर्धा दिवस,” तो म्हणाला, “माउली चालत आली.” पैठणचा टप्पा पाऊस उघडल्यावर करावयाचें ठरवून आम्ही पुण्याच्या सडकेस लागलों.