खर्चासह दावा मंजूर

दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या शेवटी एक तक्ता असतो. निकाल काय लागला हे कळल्यावर बहुतेक पक्षकार तिथपर्यंत पोचत नाहीत. पोचले तर कडवट हसतात. एका बाजूला वादीचा खर्च, दुसऱ्या बाजूला प्रतिवादीचा. दाव्याचा कोर्ट फी स्टॅम्प, वकीलपत्राचा स्टॅम्प, दस्तांचा स्टॅम्प, वकील फी, साक्षीदारांचा भत्ता, कमिशनरची फी, समन्स बजावणी, आणि खाली एकूण. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या परिशिष्टात हुकूमनाम्याचा जो नमुना छापला आहे, त्यातल्याच या ओळी. वीस वर्षे चाललेल्या दाव्यात ‘वकील फी’पुढचा आकडा पुष्कळदा अशिलाने एखाद-दुसऱ्या तारखेला मोजलेल्या पैशांहून कमी भरतो. दावा खर्चासह मंजूर होतो खरा, पण तो खर्च कोणाचा आणि कोणत्या काळातला, असा प्रश्न पडतो. एवढा लहान आकडा त्या रकान्यात आला कुठून, हे पाहायचे तर बरेच मागे जावे लागते.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात कर्जवसुलीचा एक नियम आहे. राजाच्या मदतीने वसुली झाली तर ऋणकोने रकमेवर शेकडा दहा राजाला द्यायचे. धनको जिंकला म्हणून सुटला असे नाही. त्यानेही शेकडा पाच द्यायचे. विज्ञानेश्वर मिताक्षरेत याची फोड करतो ती अशी, की दहा हा दंड आणि पाच ही राजाच्या कामाची मजुरी. जिंकणाऱ्याने आपला खर्च हरणाऱ्याकडून वसूल करावा, ही कल्पना त्या नियमात नाही. दोघांचाही पैसा जातो तो राजाकडे.

मराठेशाहीत हाच व्यवहार हरकी आणि गुन्हेगारी या नावांनी चाले. पंचांचा निवाडा मान्य असल्याचा राजीनामा लिहून द्यायचा, जामीन द्यायचा, तकरीर म्हणजे आपली बाजू मांडायची. निवाडा झाला की खऱ्या ठरलेल्याने हरकी भरायची आणि खोट्या ठरलेल्याने गुन्हेगारी. पाटीलकी-कुलकर्णाच्या वतनावरून भांडण असले की या रकमा लहान नसत, आणि सरकारच्या जमेत त्यांना जागा होती. वादी-प्रतिवादींनी एकमेकांना मात्र काही द्यायचे नसे. त्याचे एक कारण साधे आहे. पंचायतीपुढे ज्याचे तोच बोले, फी घेऊन दुसऱ्याची बाजू मांडणाऱ्या धंदेवाईक वकिलांचा वर्ग तेव्हा नव्हता, त्यामुळे उगवून घेण्यासारखा मोठा खर्चच नव्हता. हे वाचून जुन्या न्यायपद्धतीचे गोडवे गाण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण जिंकूनही सरकारला पैसे भरावे लागणे ही काही फार न्याय्य गोष्ट म्हणता येणार नाही.

इंग्लंडातही आरंभ असाच होता. दावा हरलेल्या वादीने खोटी फिर्याद केली असे धरून त्याच्याकडून राजासाठी दंड घेत. वळण आले ते १२७८ साली, पहिल्या एडवर्डच्या कारकिर्दीत. त्या वर्षीच्या ग्लॉस्टरच्या कायद्याने जिंकलेल्या वादीला दावा सुरू करण्यासाठी लागणारे रिट विकत घेण्याचा खर्च प्रतिवादीकडून मिळू लागला. कायद्याचा शब्द रिटपुरता होता. न्यायाधीशांनी तो ताणत ताणत दाव्याच्या सगळ्या खर्चापर्यंत नेला. जिंकलेल्या प्रतिवादीला मात्र तोच हक्क मिळायला शतके लागली. १५३१ साली काही प्रकारच्या दाव्यांत तो मिळाला आणि १६०७ साली बहुतेक सर्व दाव्यांत. राजाच्या तिजोरीत जाणारा पैसा असा प्रतिपक्षाच्या खिशाकडे वळला. आज आपण ‘हरणाऱ्याने खर्च द्यावा’ हे जणू निसर्गनियमासारखे बोलतो, त्याचे मूळ हे.

पण प्रतिपक्षाने द्यायचा म्हटल्यावर किती द्यायचा हा तंटा आलाच. स्वतःच्या खिशातून जाणारा पैसा माणूस जपून खर्च करतो, दुसऱ्याच्या खिशातून जाणार असला की तीन वकील लावतो. म्हणून बिल तपासणारा स्वतंत्र अधिकारी निर्माण झाला, तो टॅक्सिंग मास्टर. मुंबईत हे पद इंग्रजी कोर्टांबरोबर आले. १७९८ साली रेकॉर्डरचे कोर्ट स्थापन झाले, १८२४ साली सुप्रीम कोर्ट आणि १८६२ साली हायकोर्ट. हायकोर्टाच्या मूळ शाखेत सॉलिसिटर आणि बॅरिस्टर अशी दुहेरी रचना जवळजवळ १९७६ अखेरपर्यंत टिकली, आणि तिच्याबरोबर बिल तपासण्याची ही कलाही.

ही तपासणी चाले कशी, ते बघण्यासारखे आहे. जिंकलेल्या बाजूचा सॉलिसिटर तारीखवार बिल दाखल करी. अशिलाची भेट, पत्र लिहिले, पत्र वाचले, मसुदा केला, मसुद्याची नक्कल केली, कौन्सिलला ब्रीफ दिले. प्रत्येक बाबीपुढे रक्कम. लिखाण मोजायचे ते फोलिओवर, आणि एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात ७२ शब्दांचा एक फोलिओ धरत. शब्दांवर पैसे मिळणार म्हटल्यावर दस्तऐवज थोडक्यात कोण लिहील? इंग्रजी करारनाम्यांत एकाच गोष्टीला तीन-तीन समानार्थी शब्द का, याची जी उत्तरे देतात त्यांत हेही एक असावे, असा माझा आपला संशय. मग हरलेल्या बाजूला नोटीस जाई, आणि मास्टरसमोर दोन्हीकडचे कारकून बसून ओळीओळीवर हुज्जत घालत. या कामाला दोन कौन्सिल खरेच लागत होते का? ही नक्कल कशासाठी? कसोटी एवढीच, की न्याय मिळवायला हा खर्च आवश्यक किंवा योग्य होता का. नसेल तर बाब खोडायची, जास्त असेल तर छाटायची.

छाटणी मान्य नसली तर दाद मागायची वाट ठरलेली होती. कोणत्या बाबीवर आणि का हरकत आहे, हे लेखी द्यायचे. त्यावर आधी मास्टरनेच आपल्या निर्णयाचा फेरविचार करायचा. तरी समाधान नाही तर चेंबरमध्ये न्यायाधीशांपुढे जायचे. तिथे ‘वीसऐवजी तीस द्या’ असल्या तक्रारीला फारसा थारा नसे. मास्टरने तत्त्वच चुकीचे लावले असेल तर न्यायाधीश हात घालत. आकडा हा मास्टरचा प्रांत. खर्चापुरते अपील सहसा ऐकायचे नाही हा आजचा प्रघातही त्याच वृत्तीचा.

या पद्धतीतही जिंकणाऱ्याला सगळे मिळत नसेच. अशील आपल्या सॉलिसिटरला देतो ते एक माप, आणि हरणाऱ्याकडून मिळते ते दुसरे, आखूड. पण ते आखूड मापही किती भारी पडे हे मराठी माणसाने एकदा चांगले अनुभवले आहे. व्हॅलेंटाइन चिरोल याच्या ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकावरून टिळकांनी लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९१९च्या फेब्रुवारीत न्यायमूर्ती डार्लिंग यांच्यासमोर ज्युरीने निकाल चिरोलच्या बाजूने दिला, आणि सर जॉन सायमन यांच्यासारख्या कौन्सिलच्या फीबरोबर प्रतिपक्षाच्या खर्चाचा बोजाही टिळकांवर आला. तो भागवायला इथे लोकांनी निधी उभारला. टिळक हा दावा पुण्याच्या सब-जज्जापुढे हरले असते, तर प्रतिपक्षाचा खर्च म्हणून एवढा बोजा त्यांच्यावर येताच ना.

कारण मुंबई शहराबाहेर, मुफसलात, टॅक्सिंग मास्टर कधी आलाच नाही. तिथे कंपनी सरकारने वेगळी वाट काढली. कॉर्नवॉलिसच्या १७९३च्या बंगालमधल्या रेग्युलेशनने वकिलांचा वर्ग उभा केला आणि त्यांची फी दाव्याच्या रकमेवर टक्केवारीने बांधून दिली. जास्त घेईल त्याची सनद जाई. आपल्याकडे एल्फिन्स्टनच्या १८२७च्या कायद्यांनी हाच धडा गिरवला. इथवर हिशेब सरळ होता, कारण अशिलाने दिलेली फी आणि हरणाऱ्याकडून मिळणारी फी एकच होती.

गोम आहे ती १८४६च्या पहिल्या कायद्यात. त्याने अशील आणि वकील यांना आपापसांत हवी ती फी ठरवायची मोकळीक दिली. मात्र हरणाऱ्याकडून वकील फी वसूल करायची ती जुन्या कोष्टकाप्रमाणेच, असे त्याच कलमात बजावले. एका दारातून बाजारभाव आत आला, दुसऱ्या दाराला सरकारी दराचे कुलूप तसेच राहिले. पुढे कायदे बदलले, मुंबईत १९२०चा प्लीडर्स अ‍ॅक्ट आला, कोष्टके नव्याने छापली गेली, पण दोन आकड्यांची ही फारकत काही मिटली नाही. माझ्या मते हुकूमनाम्याच्या तक्त्यातला तो हास्यास्पद आकडा इथे जन्मला. तक्ता भरणारा कारकून बिचारा नियमानेच भरतो.

१९०८च्या संहितेत कलम ३५ तत्त्व म्हणून भक्कम आहे. खर्च देणे न देणे कोर्टाच्या मर्जीवर, पण हरणाऱ्याकडून तो द्यायचा नसेल तर कारणे लिहा, असे ते सांगते. प्रत्यक्षात ‘ज्याचा खर्च त्याने सोसावा’ ही ओळ इतकी अंगवळणी पडली, की कारण लिहिण्याचे भान क्वचित राहते. १९२२ साली खोट्या व त्रासदायक दाव्यांसाठी कलम ३५-अ आले. नुकसानभरपाईदाखल खर्च, पण कमाल १,००० रुपये. १९७६च्या दुरुस्तीने ही मर्यादा ३,००० केली आणि तारखा लांबवणाऱ्यासाठी ३५-ब आणले. तहकुबीचा खर्च भरल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचे नाही असे हे कलम म्हणते, पण कागदावरचा धाक कोर्टाच्या आवारात पुष्कळ पातळ होतो.

एकविसाव्या शतकात सर्वोच्च न्यायालयाचा धीर सुटला. २००५ साली सेलम बार असोसिएशनच्या खटल्यात त्याने सांगितले, की खर्च म्हणजे प्रत्यक्ष झालेला वाजवी खर्च, त्यात पक्षकाराचा मोडलेला वेळ, येण्याजाण्याचे आणि राहण्याचे पैसेही धरा, आणि हायकोर्टांनी तसे नियम करावेत. दिल्ली हायकोर्टाने हे फार मनावर घेतले. एका अंतरिम हुकमावरच्या अपिलात वकिलांना दिलेल्या फीच्या हिशेबावरून त्याने ४५,२८,००० रुपये खर्च बसवला. २०११ साली संजीव कुमार जैन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती रवींद्रन यांनी तो रद्द केला. नियमात बसतो तेवढाच खर्च देता येतो, दोष नियमांचा आहे, तर नियम बदला, असा त्यांचा सूर. ३,०००ची मर्यादा निदान एक लाखावर न्यावी असेही त्यांनी सुचवले. वर्षभर आधी विनोद सेठ प्रकरणात त्यांनीच दुसरी बाजू मांडली होती. तिथे, हरलो तर २५ लाख देईन अशी हमी वादीकडून आधीच मागण्यात आली होती. ती त्यांनी काढून टाकली. खर्चाने खोटा माणूस दचकला पाहिजे, पण खऱ्या माणसाचा कोर्टाचा दरवाजा बंद होता कामा नये. १७९५च्या एका रेग्युलेशनने कोर्ट फी बसवताना खोडसाळ दावे थांबतील अशी मखलाशी केली, तेव्हा मेकॉलेने तिची रेवडी उडवली होती ती याच मुद्द्यावर.

आणखी एक प्रथा आता रुळली आहे. कोर्ट चिडले की खर्च बसवते आणि तो विधी सेवा समितीकडे किंवा एखाद्या धर्मादाय रुग्णालयाकडे भरायला सांगते. सत्कार्य आहे, पण ज्याला नाहक तारखांना खेटे घालायला लावले त्याच्या हाती त्यातला छदाम येत नाही. त्याचा खर्च त्याच्याच गळ्यात राहतो.

विधी आयोगाने २०१२ साली २४०व्या अहवालात या साऱ्याचा ऊहापोह केला, आणि २०१५च्या व्यापारी न्यायालयांच्या कायद्याने कलम ३५ नव्याने लिहिले. वकिलांची वाजवी फी, साक्षीदारांचा व तज्ज्ञांचा खर्च, पक्षकाराचे दाव्यातले वागणे, तडजोडीचा रास्त प्रस्ताव झिडकारला का, हे सगळे आता पाहायचे असते; ३५-अ मधली कमाल मर्यादाही काढून टाकली. मात्र हे फक्त व्यापारी वादांना लागू आहे, २०१८पासून ज्यांची किंमत तीन लाखांच्या खाली नाही अशांना. भावाभावांचे वाटप, बांधाची कुरबूर, घरमालक-भाडेकरू असले दावे त्याच संहितेच्या जुन्या कलमांखाली चालतात, आणि तिथे खोटा दावा लावणाऱ्यावर ३५-अ खाली बसवता येणारी कमाल रक्कम १ फेब्रुवारी १९७७पासून ३,००० रुपयेच आहे.